तोफांच्या धुरात कागद घेऊन बसलेला माणूस

शिडांच्या जहाजांच्या लढायांची जुनी चित्रं पाहिली की वाटतं, चित्रकारानं हे सगळं घरबसल्या ऐकीव माहितीवर रचलं असणार. थोरल्या विलम फान द वेल्डेच्या बाबतीत हा समज साफ चुकीचा आहे. जून 1666 मध्ये डच आणि इंग्रज आरमारं चार दिवस एकमेकांवर तोफा डागत होती, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला हा डच गृहस्थ एका छोट्या गलबतातून लढाईच्या आसपास फिरत भराभर रेघा ओढत होता. जागा संपली की कागदाला कागद जोडायचा आणि कोणतं जहाज कुठलं, याच्या नोंदी चित्रावरच करायचा. काही चित्रांत त्यानं आपलं गलबत आणि त्यात चित्र काढत बसलेला स्वतःही दाखवला आहे. पुढं हाच माणूस इंग्लंडला गेला. 1674 पासून दुसऱ्या चार्ल्सनं बापाला लढायांची रेखाटनं करायला आणि मुलाला ती रंगवायला वर्षाला शंभर-शंभर पौंड लावून दिले. काल ज्यांच्या तोफा चुकवल्या, आज त्यांचीच चाकरी!

मग चित्र म्हणजे फोटोच का? तसंही नाही. इंग्रज चित्रकार टर्नरच्या ट्रफाल्गरच्या लढाईच्या चित्रात (चित्र 1824 चं) लढाईआधी चढवलेली संदेशाची निशाणं, दुपारी कोसळलेली डोलकाठी, उतरत्या दुपारी पेटलेलं ‘आशील’ जहाज आणि दुसऱ्या दिवशी बुडालेलं ‘रदूताब्ल’ जहाज हे सगळं एकाच वेळी दिसतं. नौदलातले लोक वैतागले. मला मात्र तो गोंधळच लढाईच्या जास्त जवळचा वाटतो.

जहाजं धडाधड बुडायची, हा आणखी एक समज. ट्रफाल्गरला इंग्रजांसमोर फ्रेंच-स्पॅनिश बाजूची 33 मोठी जहाजं होती. लढाईच्या दिवशी त्यांतलं एकच नष्ट झालं, तेही आगीनं. पाण्याच्या रेषेच्या वर पडलेल्या भोकांनी लाकडी जहाज सहसा बुडत नाही. शिवाय बुडवण्यापेक्षा पकडण्यात बक्षिसाचा पैसा होता.

आग मात्र घात करायची. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर (त्यांच्या भाषेत ‘घेरिया’) हल्ला केला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. डॉमिनिक सेरेसनं 1771 मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, त्याचं चित्र काढलं. तो स्वतः तिथं नव्हता. आगीची सुरुवात झाली ती ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर गोळा पडून. ते मूळचं इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचंच जहाज, आंग्र्यांनी पकडून आणलेलं.