रकान्यात न मावणारे कारण

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ सालच्या १,७०,९२४ आत्महत्या कारणांच्या रकान्यांत वाटल्या आहेत. कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के. वर्तमानपत्रातली बातमीही ‘कर्जाला कंटाळून’ एवढ्यावर आटोपते. पण कर्ज, आजार, घरातली भांडणे कोट्यवधींच्या वाट्याला येतात आणि बहुतेक जण त्यातून बाहेर पडतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ एकाच कारणावर बोट ठेवत नाहीत. मनाचा आजार, व्यसन, एकटेपणा असे बरेच काही एकत्र येते. आणि कोणती अडचण असह्य वाटावी, हे पुष्कळदा भोवतालचा समाज ठरवतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९७ सालीच हे ठासून मांडले होते. कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत आत्महत्या जास्त, कारण त्यांची सामाजिक वीण सैल, असे त्याचे म्हणणे. कॅथलिक घरांत असे मृत्यू लपवले जात असतील, अशी शंका टीकाकारांनी पुढे काढली. ती रास्तच आहे. बदनामीच्या भीतीने आपल्याकडेही असे मृत्यू झाकले जातात.

जपानमध्ये १९९८ साली, मंदीच्या दिवसांत, आत्महत्यांचा वार्षिक आकडा प्रथमच ३० हजारांवर गेला. त्यात मध्यमवयीन पुरुष मोठ्या संख्येने होते. कंपनी हीच ज्याची ओळख, त्याची नोकरी गेली की पगारासोबत पतही जाई. कर्जाला नातलग किंवा मित्र जामीन असत, त्यामुळे आपल्यापायी तेही बुडणार ही लाज वेगळीच. ‘जपानी स्वभावच तसा’ म्हणून हात झटकणे सोपे होते. जपानने तसे केले नाही. २००६ च्या कायद्याने आत्महत्या हा खासगी नव्हे, समाजाचा प्रश्न ठरवला. सावकारी व्याजालाही लगाम घातला गेला. २०१२ मध्ये आकडा ३० हजारांखाली आला. स्वभाव काही सहा वर्षांत बदलत नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाची गोष्ट याहून बोलकी. तिथल्या आदिवासी तरुणांत आत्महत्या फार, असे सरसकट म्हटले जाई. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांनी १९९८ मध्ये एकेका समूहाची स्वतंत्र नोंद मांडली. निम्म्याहून अधिक समूहांत पाच वर्षांत एकाही तरुणाने आत्महत्या केलेली नव्हती. जिथे स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा लोकांच्या स्वतःच्या हाती होत्या आणि जमिनीच्या हक्कासाठी लढा चालू होता, तिथे प्रमाण सर्वांत कमी होते.

मनात असे विचार येत असतील, किंवा जवळच्या कुणाविषयी धास्ती वाटत असेल, तर ‘टेली मानस’ या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.