लकव्यानंतर आई घरी येणार, तेव्हा

‘उद्या पेशंटला घरी न्या,’ असे डॉक्टरांनी सांगितले की आपण बिल, कागद आणि रिक्षाच्या मागे लागतो. पण लकवा झालेल्या आईची खरी तयारी वॉर्डातच करायची असते. कूस बदलणे, भरवणे, लघवीची पिशवी रिकामी करणे हे सगळे उद्यापासून आपल्यालाच करायचे आहे. म्हणून सिस्टरना म्हणा, एकदा दाखवा आणि मग आमच्याकडून करून घ्या. गर्दीत त्या वैतागतील, तरी विचारा. आणि शिकायला एकट्या सुनेला पाठवू नका. रात्री उठणे मुलाच्याही वाट्याला यायला हवे.

घरी खाट मोरीपासून जवळ ठेवा. लुळे अंग भिंतीकडे आणि चांगले अंग मोकळ्या बाजूला आले, तर आईला उठताना आधार घेता येतो. सार्वजनिक संडासापर्यंत तिला नेणे जमणार नाही. सर्जिकल दुकानात कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, तिला एक पडदा लावा. लाज वाटते म्हणून पाणी कमी पिणाऱ्या आया पुष्कळ असतात. लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खाली टांगा, जमिनीवर टेकवू नका.

सर्वांत जास्त जपायचे ते पाठीच्या जखमांना. एकाच अंगावर पडून राहिले की हाडावरच्या कातडीला रक्त पोहोचत नाही आणि ती सडू लागते. दर २ तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. पाण्याची गादी आणली तरी हे सुटत नाही. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघा. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, तेव्हा हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का ते पाहा. तशी लागली तर चोळू नका, त्या बाजूवर झोपवू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

लकव्यात गिळण्याची ताकदही कमी होते. आडवे ठेवून पाणी पाजले तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आईला बसवा, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगा, एक घास गिळल्यावरच दुसरा द्या आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. पातळ चहापेक्षा घट्ट पेज सोपी जाते. दर घोटाला ठसका लागत असेल तर भरवणे थांबवून डॉक्टरांना विचारा. उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.

डिस्चार्ज कार्डावरची प्रत्येक गोळी कधी घ्यायची आणि जुनी कोणती बंद करायची, हे निघण्याआधी विचारून घ्या. उपचार महात्मा जोतिराव फुले योजनेतून झाले असतील तर पुढची तपासणी आणि औषधे यांबद्दल आरोग्यमित्राला विचारा. कोणी कबुतराच्या रक्ताची मालिश सुचवील. त्याने नस सुधारत नाही, पैसे मात्र जातात आणि त्या नादात बीपीची गोळी सुटते. ती बरे वाटले तरी सोडायची नाही.

पाहुण्यांना थोडे आवरा. विहारातल्या महिला मंडळातली एखादी ताई दुपारी तासभर बसली, तर त्याचा उपयोग जास्त.

तोंड पुन्हा वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात गळला, तर लगेच १०८ लावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. आई शेवटची ठीक किती वाजता होती, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.