ओतीव ॲल्युमिनियमच्या भागांची सफाई

ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातील उसाच्या व द्राक्षांच्या मळ्यांत इंजिनाचे फवारणी पंप वापरतात. त्यांतील कार्बुरेटर, क्रँककेस हे भाग बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचे असतात. ते कॉस्टिक सोड्याने कधीही धुऊ नयेत. सोड्यात लोखंड टिकते. ॲल्युमिनियम मात्र विरघळते, काळे पडते व त्यास खड्डे पडतात. मोरचुदाचे द्रावणही या धातूस खाते. म्हणून फवारणीनंतर पंप त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा.

इंजिन थंड झाल्यावर, विस्तवापासून दूर, सुटे केलेले भाग रॉकेलमध्ये भिजवावेत. काजळी बांबूच्या कामटीने व मऊ ब्रशाने काढावी. पोलादी ब्रश वापरू नये; जोडाच्या बाजूवर ओरखडे पडल्यास तेल गळते. नंतर कोमट साबणपाण्याने धुऊन भाग पूर्ण वाळवावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक शेतकरी बंधूंस अवश्य दाखवावे.