झाडाचा पत्ता बदलला की औषध बदलतं

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन बनू लागलं. पेनिसिलिन देणारी बुरशी मोठी लहरी. टाकीतलं तापमान २५ अंशांच्या आसपास राखलं, तरच ती मनासारखं औषध देते. साखर पोटभर मिळाली तर नुसतीच फोफावते. साखर बेतानं सोडली आणि वाढ मंदावली, की मग पेनिसिलिन करू लागते. औषधाचा कारखाना म्हणजे खरं तर बंद टाकीत सांभाळलेलं हवामान.

आता भिंतीबाहेर या. पावसाळा सरला की पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर सप्तपर्णी, म्हणजे आपली सातवीण, फुलते आणि संध्याकाळी तिच्या उग्र वासानं अनेकांचं डोकं उठतं. तिची साल हिवतापावर पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. मलेरियासाठी सरकारी संशोधनातून तयार झालेल्या आयुष-६४ या औषधातही ती आहे. सोबतीला कुटकी, चिरायता आणि सागरगोटा. या वनस्पतीही रसायनंच बनवतात, फक्त त्यांच्या टाकीचं तापमान कुणी राखत नाही.

बुरशीसारखंच झाडाचंही आहे. थोडी पाणीटंचाई झाली की आधी वाढ थांबते. पानांतलं अन्न बनवणं मात्र काही काळ चालूच राहतं. शिलकीत पडलेला कार्बन मग कडू, उग्र, संरक्षक रसायनांकडे वळू शकतो. कडक उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचाव करायला काही रसायनं वाढतात, किडीनं पान कुरतडलं की दुसरी काही. टंचाई मर्यादेबाहेर गेली तर मात्र अन्नच बनत नाही आणि औषधही आटतं. म्हणून ‘जितका ताण, तितकं औषध’ असा सोपा हिशेब इथे चालत नाही.

या हिशेबाची प्रयोगशाळा आपल्या दारातच आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून लोकलनं तासाभरात चिंचवडला उतरा, तो जेमतेम सात-आठशेवर आलेला असतो. या दोन टोकांना एकाच जातीचं झाड लावलं, तर पाटीवर नाव एकच येईल. सालीतला ऐवज एकच असेल याची खात्री नाही.

हा धडा महाराष्ट्रानं एकदा महागात गिरवला आहे. १८६०च्या दशकात मुंबई सरकारनं महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सिंकोना लावला. मलेरियावरचं क्विनीन देणारं हे झाड दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. महाबळेश्वर तेराशे मीटर उंच, हवा गार. कागदावर सगळं जुळत होतं. पण सिंकोनाला पाऊस हवा तो वर्षभर वाटून. इथे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे आठ महिने जमीन सुकत जाते. प्रयोग फसला. निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत मात्र सिंकोना रुजला. जावामध्ये तर उत्तम बियाणं आणि मानवणारी हवा एकत्र आली आणि काही झाडांच्या सालीत क्विनीन दहा टक्क्यांवर गेलं.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाची. जोतिबाला वाहतात त्या दवण्याची एक चिनी चुलतबहीण आहे. थू योयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली तिच्यातून हे औषध वेगळं काढलं. २०१५ साली थू यांना नोबेल मिळालं. आर्टेमिसिनिनच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक नाजूक पूल असतो. मलेरियाचा परजीवी रक्तातलं हिमोग्लोबिन खातो, त्यातलं लोह मोकळं होतं, ते हा पूल तोडतं आणि त्यातून सुटलेले आक्रमक कण परजीवीला मारतात. हा पूल रोपात बांधतं कोण? शेवटच्या टप्प्याला विकर (एन्झाइम) लागतच नाही असं दिसतं. पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींत ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तो बांधतात. त्या पानात आकाशाचाच हात लागतो म्हणा ना! वाण, ऊन, पाणी आणि तोडणीची वेळ यांनुसार सुक्या पानातलं आर्टेमिसिनिन ०.०१ टक्क्यापासून एका टक्क्याच्या वरपर्यंत, म्हणजे शंभरपट बदलतं. २०१३ साली यीस्टच्या टाक्यांतून त्याचा कच्चा माल निघू लागला. तरी पूल बांधायला कारखान्यातही प्रखर दिवे लावावे लागले.

म्हणूनच या रोपाच्या घरगुती काढ्यानं मलेरियावर उपचार करू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कपात किती औषध उतरलं, हे पिणाऱ्याला कळणार कसं? चरकसंहितेतही वनस्पती कोणत्या प्रदेशातली आणि कोणत्या ऋतूत घेतलेली, याला मोठा मान आहे. साल घ्यायची ती शरदात. आता शरदच सरकतोय, पाऊस लांबतोय आणि सिमेंटची शहरं रात्रीही तापलेली राहतात. आपल्या सातविणीचंच पाहा: प्रयोगशाळेतल्या काही चाचण्यांत तिच्या अर्कानं मलेरियाच्या परजीवीला फारसं नमवलेलं नाही. तरी उद्या कुणी ‘गुणकारी’ म्हणो की ‘निरुपयोगी’, निकाल वाचण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: साल कुठली होती, आणि कोणत्या महिन्यात काढलेली?