एसीचे पाणी आणि शेजारधर्म

चैत्र उजाडला की वरच्या घरात गारवा आणि खालच्या गॅलरीत टपटप, हा अनुभव बहुतेक इमारतींत येतो. हे पाणी म्हणजे यंत्रातील बिघाड नव्हे. आतील थंड नळ्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होते व ते नळीवाटे बाहेर पडते. मुंबईसारख्या दमट हवेत दीड टनाच्या एसीतून तासाला लिटरभर पाणी सहज निघते. तेच खालच्या वाळत्या कपड्यांवर, दुकानातील मालावर पडले किंवा भिंतीत मुरले, की वर्षानुवर्षांच्या घरोब्यात कटुता येते.

उपाय अल्पखर्चाचा आहे. नळीला अखंड उतार द्यावा. टोक लोंबते न ठेवता उभ्या सामायिक पाइपास जोडावे. तशी सोय नसल्यास सोसायटीच्या सभेत सर्व मजल्यांसाठी एकच पाइप मंजूर करून घ्यावा. बादलीत धरलेले पाणी फरशी पुसण्यास उत्तम, पिण्यास मात्र वर्ज्य. ते रोज रिकामे करावे; डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. खोलीतच गळती दिसल्यास बहुधा नळी तुंबलेली असते. ती व जाळी साफ करून घ्यावी.

आपल्या गारव्याचा खर्च शेजाऱ्याच्या खाती नावे पडू नये, एवढा हिशेब प्रत्येकाने चोख ठेवावा.