डोळ्यांनीं ऐकलेलें व्याख्यान

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें भारतांतील सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठीं राखून ठेविल्या आहेत. परंतु कर्णबधिर विद्यार्थ्याला बांकावर जागा मिळाली, म्हणजे अध्यापकाचें व्याख्यानही त्याला मिळालें असें होत नाहीं.

अमेरिकेंत रॉचेस्टर येथें १९६८ पासून बधिर विद्यार्थी ऐकणाऱ्यांच्या वर्गांत बसून शिकत आहेत. तेथें दुभाषी अध्यापकाचें बोलणें खुणांच्या भाषेंत सांगतो. हें काम शब्दास शब्द ठेवण्याचें नव्हे; खुणांच्या भाषांना स्वतःचें व्याकरण असतें. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेंत प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटीं येते. म्हणून बोलण्याचा अर्थ ध्यानीं येईपर्यंत दुभाष्याला थोडें मागें राहावें लागतें. तेवढ्यांत इतर मुलें उत्तर देऊन मोकळीं होतात. शिवाय खुणा पाहणारे डोळे वहीकडे वळले, कीं तेवढें व्याख्यान बुडालें!

उपाय साधे आहेत. टिपणें दुसऱ्यानें घ्यावींत. प्रश्न विचारल्यावर अध्यापकानें क्षणभर थांबावें. पाठांतील पारिभाषिक शब्द दुभाष्याला आदल्या दिवशीं द्यावेत. व्याख्यान लांब असेल तर दोन दुभाष्यांनीं आळीपाळीनें काम करावें, कारण थकलेल्या मनाच्या हातून अर्थ निसटतो.

दिल्लीस २०१५ मध्यें स्थापन झालेलें भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दुभाषी तयार करण्याचें कार्य करतें. मात्र दुभाषी नेमून महाविद्यालयाचें कर्तव्य संपत नाहीं; त्याच्या हातांना अवसर देणें हें अध्यापकाच्याच हातीं आहे.