तिसरा काही बोलेना!

जुनी स्पोर्ट्‌स कार म्हणजे नुसता थाट नाही, डोक्याला ताप पण असतो! काकाची पंचविशीला टेकलेली 'सॅन स्टॉर्म' गचके द्यायला लागली आणि एका बिघडलेल्या इंजेक्टरच्या शोधात आमचे तीन शनिवार गेले. त्या तीन शनिवारांची ही गोष्ट.

गाड्यांमधलं मला कळतं ते एवढंच. पेट्रोल, पंक्चर आणि पार्किंग. त्यातही पार्किंग रिव्हर्समध्ये करायचं असेल तर नाहीच! त्यामुळे 'फ्यूएल इंजेक्टर' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा नीट उच्चारला तो गेल्या पावसाळ्यात, काकाच्या कोथरूडच्या घरामागच्या शेडमध्ये, अंगात जुना टी-शर्ट घालून आणि कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून. हो, कानालाच. सांगते.

काकाकडे एक लाल सॅन स्टॉर्म आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी हे नावही ऐकलं नसेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'सॅन मोटर्स'नं ही दोनच सीट्सची, टप उघडणारी गाडी बाजारात आणली. आणि ती बनायची कुठे, तर आपल्या शेजारच्या गोव्यात! बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं, ताकद साधारण ६० बीएचपी. आकडे बघाल तर आजची साधीसुधी हॅचबॅकही तिला मागे टाकेल. पण २००१ साली काकानं ती घेतली तेव्हा डेक्कनच्या सिग्नलला लोक काच ठोठावून विचारायचे, "इम्पोर्टेड का हो?" काकू डोक्याला स्कार्फ बांधायची, टप उघडा टाकायचा आणि दोघं सुटायचे महाबळेश्वरला.

चार वर्षांपूर्वी काकू गेली. तेव्हापासून गाडी शेडमध्येच. महिन्या-दोन महिन्यांनी काका ती नुसती चालू करायचा, पाच मिनिटं ऐकायचा आणि बंद करायचा. यंदा मात्र आरसीच्या नूतनीकरणाची तारीख तोंडावर आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते ना, ते. गाडी काढली तर ती सिग्नलला थरथरायची, अॅक्सिलरेटर दाबला की आधी गचका आणि मग पिकअप. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, "चारही इंजेक्टर बदला, पंप बदला, नाहीच जमलं तर ईसीयू बघू." त्याचं कोटेशन बघून काका म्हणाला, "अगं, एवढ्यात एक बरी स्कूटर येते. जाऊ दे. भंगारवाल्याला फोन करतो."

मी म्हटलं, "काका, मला तीन शनिवार दे."

का म्हटलं, मलाही माहीत नाही. बहुतेक तो स्कार्फ अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये होता म्हणून.

पीयूसीची चिठ्ठी वाचता येते?

मित्राच्या ओळखीनं नाना पेठेतले एक मेकॅनिक भेटले. साठीच्या पुढचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पहिल्या शनिवारी ते आले ते हात हलवतच. ना लॅपटॉप, ना पान्यांची पेटी. आल्याआल्या म्हणाले, "ताई, नापास झालेली पीयूसीची चिठ्ठी दाखवा."

मला वाटलं, ती फक्त पास किंवा नापास सांगते. तसं नसतं म्हणे! आमच्या चिठ्ठीवर एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, भरपूर होतं आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र कमी. उस्तादांनी सांगितलं त्याचं सार असं. इंजेक्टर गळत असेल, पेट्रोल जास्त पडत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड चढतो आणि धूर काळा येतो. इथे उलटं होतं. म्हणजे एखादं सिलिंडर जळतच नव्हतं. एक तर तिथे ठिणगी पोचत नव्हती किंवा पेट्रोल अपुरं पडत होतं. त्यातलं हवं तसंच न जळता बाहेर पडत होतं.

"म्हणजे इंजेक्टर?" मी उत्साहात.

"अजून नाय. आधी ज्याचा दोष नाही त्याला सोडवायचं."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. आपल्या ऑफिसात नेमकं उलटं चालतं, नाही का? टार्गेट हुकलं की अख्ख्या टीमला मीटिंगमध्ये उभं करायचं. कोणाचं काय चुकलं ते नंतर!

चौघांची हजेरी

थोडं इंजेक्टरबद्दल. तो म्हणजे विजेवर उघडणारा एक बारीकसा नळ. इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला एक. पंप पेट्रोल त्याच्यापर्यंत साधारण ३ बारच्या दाबानं आणून पोचवतो. हा दाब कारच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त! मग ईसीयू हुकूम सोडतो, नळ काही मिलिसेकंद उघडतो, पेट्रोलचा धुक्यासारखा फवारा मारतो आणि बंद होतो. मिनिटाला शेकडो वेळा. तो फवारा धुक्याऐवजी धारेसारखा पडला किंवा कमी पडला, तर ते सिलिंडर रुसलंच म्हणून समजा.

उस्तादांनी इंजिन चालू ठेवलं आणि एकेका इंजेक्टरच्या वायरचा प्लग क्षणभर काढून पाहिला. पहिला काढला, इंजिन लगेच बसल्यासारखं झालं. लावला. दुसरा, तेच. चौथा, तेच. तिसरा काढला आणि... काहीच नाही! इंजिन जसं थरथरत होतं तसंच थरथरत राहिलं.

"कळलं?" उस्ताद म्हणाले. "जो कामच करत नव्हता त्याला घरी पाठवलं तर दुकानाला फरक पडेल का?"

तिसऱ्याचा स्पार्क प्लग काढला. बाकी तिघांची टोकं बिस्किटाच्या रंगाची, ह्याचं पांढरट. तिथे पेट्रोल कमी पडत असल्याची ती खूण. तरीही उस्तादांनी तिसऱ्याचा प्लग दुसऱ्याला लावला, मग त्याची वायर बदलून पाहिली. गडबड तिसऱ्यातच. ठिणगी सुटली निर्दोष. मग कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे. म्हणजे इंजिन आतून धडधाकट. इथे काकाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. गॅरेजवाल्याचं कोटेशन वाचून त्यानं मनातल्या मनात इंजिनच सोडून दिलं होतं.

स्क्रू-ड्रायव्हरचा स्टेथोस्कोप

दुसरा शनिवार माझा! लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. पट्टा-पंख्यापासून केस आणि ओढणी सांभाळून, अर्थात. आत स्पष्ट ऐकू येतं. टिक-टिक-टिक-टिक. शिवणयंत्र लांबून ऐकल्यासारखं. पहिला टिक-टिक. दुसरा टिक-टिक. तिसरा... तोही टिक-टिक!

मी हिरमुसले. उस्ताद हसले. "आवाज येतो म्हणजे नळाची तोटी हलते. पाणी येतं का ते कुठं कळलं?"

मग मल्टिमीटर. प्लग काढून इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजायचा. ह्या साध्या जातीच्या इंजेक्टरला तो साधारण १२ ते १६ ओहम यायला हवा. आणि चौघांचा एकमेकांशी जुळायला हवा, हे जास्त महत्त्वाचं. आमचे चारही चौदाच्या घरात. मग वायरच्या टोकाला छोटा टेस्ट-बल्ब लावला. तो लुकलुकला, म्हणजे ईसीयूचा हुकूम पोचतोय. काकाला एकदम हायसं वाटलं. ईसीयू नाही! त्या कोटेशनमधली सगळ्यात महागडी ओळ तिथेच खोडली. पेट्रोलचं प्रेशरही गेजवर बरोबर निघालं, पंपाचीही ओळ गेली.

म्हणजे हुकूम पोचतो, तोटी हलते, मागून दाबही आहे. तरी तिसरा गप्प!

अशा वेळी काय करायचं? उस्तादांनी केलं ते इतकं सोपं होतं, की ते आपल्याला का सुचलं नाही म्हणून माझी मलाच लाज वाटली. त्यांनी बॅटरीची वायर काढली, पेट्रोलचं प्रेशर सोडलं आणि नवीन ओ-रिंग टाकून तिसरा इंजेक्टर पहिल्याच्या जागी आणि पहिला तिसऱ्याच्या जागी बसवला. गडबड तिसऱ्यातच राहिली, तर दोष जागेचा. इंजेक्टरच्या मागे गेली, तर दोष इंजेक्टरचा.

गाडी चालू केली. थरथर तीच. पुन्हा हजेरी. तिसऱ्याचा प्लग काढला, इंजिन बसलं! पहिल्याचा काढला, ढिम्म. चोरानं घर बदललं होतं, सवय बदलली नव्हती.

काचेच्या चार नळ्या

तिसऱ्या शनिवारी आम्ही चारही इंजेक्टर पिशवीत घालून इंजेक्टर साफ करणाऱ्याच्या दुकानात गेलो. तिथल्या मशिनवर चौघांना शेजारी-शेजारी लटकवतात, खाली काचेच्या चार मोजनळ्या. सगळ्यांना सारखा वेळ उघडायचं आणि कोणी किती ओतलं ते बघायचं. तीन नळ्यांतली पातळी जवळजवळ एका रेषेत. चौथी निम्म्यावर! आणि फवारा? तिघांचं छान धुकं, ह्याची वाकडी धार. होळीला पिचकारीच्या भोकात कचरा अडकला की येते तशी.

त्याला अल्ट्रासॉनिक टाकीत टाकला. आवाजाच्या लहरींनी द्रवात बारीक बुडबुडे उठतात आणि आतला चिकटा सुटतो. तोंडाची चिमुकली जाळी बदलली. जुन्या जाळीतून काळपट भुगा निघाला. पुन्हा मशिनवर चढवला, चौथी नळी बाकीच्यांच्या बरोबरीला आली. बंद ठेवून दाब दिला, एक थेंबही गळला नाही. मी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या.

उस्ताद मात्र तो भुगा बोटावर घेऊन बघत होते. "हा आला कुठनं?"

खरा रोग तिथे होता. फिल्टर आणि इंजेक्टर यांच्या मधली रबरी नळी बाहेरून ठणठणीत, आतून मात्र खपली धरून झडत होती. फिल्टरच्या पुढची नळी, त्यामुळे भुगा अडवणारं मध्ये कोणीच नाही. नळी जुनी, गाडी वर्षानुवर्षं उभी, टाकीत शिळं पेट्रोल. त्यात आपल्याकडे २०२५पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल ओल धरून ठेवतं आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवतंच असं नाही. नुसते चारही इंजेक्टर नवे टाकले असते, तर काही महिन्यांत नवेही तुंबले असते! आम्ही इथेनॉल सोसणारी नळी टाकली, टाकी रिकामी करून धुतली, फिल्टर बदलला. सगळं मिळून बिल झालं ते आम्हा चार मैत्रिणींच्या एका वीकेंड डिनरपेक्षा थोडंच जास्त.

रविवारी सकाळी काकानं चावी फिरवली. गाडी सुरू झाली आणि... आवाज इतका सरळ, की मला आधी ती बंदच पडली असं वाटलं. काका काही बोलला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ ऐकत बसला. मग म्हणाला, "बस. आणि ग्लोव्ह बॉक्समधला स्कार्फ घे, केसांचं वाटोळं होईल."

पौड फाट्याच्या सिग्नलला एक बाइकवाला शेजारी येऊन थांबला. गाडीकडे बघत बसला. "काका, कुठली हो गाडी?"

"गोव्याची!" काका म्हणाला आणि सिग्नल सुटला.

पीयूसीची नवी चिठ्ठी त्यानं फ्रिजवर लावली आहे. पास. भंगारवाल्याचा नंबर मी त्याच्या फोनमधून काढून टाकलाय.

गॅरेजमध्ये जाण्याआधी...

* 'सगळे बदला' असं कोणी म्हटलं तर विचारा, 'नेमकं कुठलं सिलिंडर?' उत्तर आलं नाही तर गॅरेज बदला.
* आधी प्लग, वायर आणि कॉम्प्रेशन. इंजेक्टरचा नंबर त्यानंतर.
* आवाज आणि रेझिस्टन्स ठीक म्हणजे इंजेक्टर ठीक, असं नाही. जागा बदलून बघा आणि मशिनवर मोजून घ्या.
* इंजेक्टरला थेट बॅटरीच्या १२ व्होल्टवर धरून ठेवू नका. आतली कॉइल जळू शकते.
* प्रेशर सोडल्याशिवाय पेट्रोलची लाइन उघडू नका. शेजारी अग्निशामक हवा आणि सिगारेट गेटच्या बाहेर!
* इंजेक्टर तुंबलेला निघाला तर तो कशानं तुंबला ते शोधा. नाहीतर तुम्ही पुन्हा तिथेच.